पहिला रकाना कुणाच्या बापाचा?

अकरावीच्या अर्जात कॉलेजांसाठी दहा रकाने असतात. किमान एक भरायचा, जास्तीत जास्त दहा. पहिल्या रकान्यात जे कॉलेज लिहिलं ती तुझी पहिली पसंती. 2025-26 पासून हा अर्ज सगळ्या महाराष्ट्राला ऑनलाइन झाला. त्याआधी तो मुंबई, पुणे, नागपूर अशा मोजक्या शहरांपुरता होता. अर्धापूरचं पोरगं गुणपत्रिका खिशात घालून नांदेडला जायचं, खिडकीशी उभं राहायचं, आत घेतलं तर घेतलं. आता तेच पोरगं ऑनलाइन सेंटरच्या बाकड्यावर बसतं आणि ओटीपी यायची वाट पाहतं. 21 मे 2025 ला पहिल्याच दिवशी सरकारचं संकेतस्थळ बसलं आणि पोरं बाकड्यावर बसून राहिली. खिडकी गेली, रकाना आला. प्रगती झाली म्हणे!

माझा प्रश्न एवढाच आहे: आमच्या पोरांचा तो पहिला रकाना भरतं कोण?

पोरगं भरतं असं वाटत असेल तर एक दिवस त्या सेंटरवर जाऊन बसा. पहिला रकाना एसटीचा पास भरतो. पहिला रकाना केळीच्या बागेत घड वाहणाऱ्या बापाची हजेरी भरते. शाळेतला एखादा मास्तर भरतो, "तुमचं काय रे, तुम्हाला सवलत, कुठंबी मिळतंय" म्हणत. कधी तर सेंटरवालाच भरतो, कारण मागं वीस जण उभे असतात आणि त्याला घाई असते. "जवळचं टाकू का?" "टाका." संपलं. सोळा वर्षांच्या लेकराच्या आयुष्याचा फैसला दोन शब्दांत! आणि ज्याचा फैसला झाला तो प्रिंट घेऊन घरी जातो आणि मायला सांगतो, फॉर्म भरला.

आता नियम ऐका. पहिल्या रकान्यातलं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. अभियांत्रिकीच्या कॅपमध्येही तेच. पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली की जागा तिथंच गोठली, आणखी चांगलं मिळेल म्हणून पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणजे "जवळचं टाकू का" हा नुसता प्रश्न उरत नाही, तो करार होतो. भीतीपोटी लिहिलेलं गावाजवळचं कॉलेज लगेच मिळतं, आणि मिळालं की दार बंद! मग पोरगं म्हणतं, मला गुण तर शहाऐंशी टक्के होते, मी इथं कसा? अरे, तूच लिहिलंस. तुझ्या हातानं लिहिलं गेलं, हे जास्त खरं.

घरोघरी एक अफवा आहे, ती आधी मारली पाहिजे. ती अफवा म्हणते: मोठं कॉलेज वर लिहिलं आणि मिळालं नाही तर पहिला रकाना वाया जातो. साफ खोटं! जागा वाटपाचं यंत्र गुणांच्या क्रमानं चालतं. तुझा क्रमांक आला की ते तुझी यादी वरून खाली वाचतं. पहिल्या ठिकाणी जागा नसेल तर दुसरं बघतं, दुसऱ्या ठिकाणी नसेल तर तिसरं. वर मोठं नाव लिहिलंस म्हणून खालच्या नावासाठी तुझा एक गुणही कापला जात नाही. तोटा एकाच गोष्टीनं होतो, नको असलेलं कॉलेज वर लिहिण्यानं. हे पुण्यातल्या वकिलाच्या पोराला आठवीपासून ठाऊक असतं. आमच्या पोराला ते निकाल लागल्यावरही कुणी सांगत नाही. ज्ञान वाटताना कोणाच्या ताटात किती वाढायचं हे या देशानं फार जुन्या काळी ठरवून ठेवलंय.

मागच्या वर्षीचा कटऑफ पाहून पोरं घाबरतात. कटऑफ हा काही मनूचा श्लोक नाही. तो मागच्या वर्षी त्या जागेवर बसलेल्या शेवटच्या पोराचा गुण आहे, बस्स. यंदा पेपर वेगळा, पोरं वेगळी, आकडा वेगळा.

आणि ती "सवलत"! तिच्यावर तर आख्खी चावडी बोलते. आमच्या पोरांनी दोन गोष्टी पाठ कराव्यात. पहिली: राखीव प्रवर्गातल्या पोराचे गुण खुल्या यादीत बसत असतील तर तो खुल्या जागेवर मोजला जातो. खुली जागा म्हणजे सवर्णांची राखीव जागा नव्हे. दुसरी गोष्ट खास पसंतीच्या कॉलेजाची आहे, आणि ती आपल्याच महाराष्ट्राच्या वैद्यकीय प्रवेशातून निघाली. रितेश साह विरुद्ध डॉ. यमुल हा 1996 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. खुल्या गुणवत्तेत आलेल्या मागास पोराला राखीव जागेच्या जोरावर जास्त चांगलं कॉलेज मिळत असेल तर ते घ्यायचा त्याला हक्क आहे, आणि तरीही त्याची गणना खुल्यातच होईल, असं न्यायालयानं सांगितलं. नाहीतर काय व्हायचं? जास्त गुणवाला खुल्या यादीतून दुय्यम कॉलेजात जायचा आणि त्याच्याहून कमी गुणवाला राखीव यादीतून चांगल्या कॉलेजात. हुशारीची शिक्षा! म्हणजे पहिल्या पसंतीवरचा आमचा हक्क कोणाच्या मेहेरबानीचा नाही, भांडून मिळवलेला आहे. मास्तरानं पुन्हा सवलत काढली की त्याला हा निकाल तोंडावर सांगा.

मराठवाड्यात तर कॉलेज हा शब्दच आमच्याकडे उशिरा आला. निजामाच्या राज्यात पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठायचं, उस्मानियात उर्दूतून शिकायचं. सवर्णांतलेही मोजकेच तिथं पोचायचे, आमच्या आज्याला तर गावच्या शाळेची पायरीही चढू दिली नाही. 1950 मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद झालं. त्यांनी मुंबईत सिद्धार्थ 1946 मध्येच काढलं होतं. दुसरं कॉलेज त्यांनी पुण्यात काढलं नाही, ते या मागास मुलखात आणलं. तिथून जी पिढी शिकून बाहेर पडली तिनं लिहायला, बोलायला, उलटून विचारायला सुरुवात केली. मराठवाड्यातल्या आमच्या बापांची ती पहिली पसंती होती, कारण दुसरी नव्हतीच!

पुढं विद्यापीठाला नाव देण्यावरून काय झालं? 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं ठराव केला आणि मराठवाड्यातली आमची घरं पेटली. याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना मारलं. 1993 मध्ये नांदेडच्या गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला, आणि त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला वेगळं विद्यापीठ सुरू झालं. अर्धापूर त्या वेगळ्या विद्यापीठात गेलं. ज्या मातीत विद्यापीठाच्या पाटीवरच्या एका नावासाठी माणसं मेली, त्या मातीतलं पोरगं आज अर्जात लिहितं काय, तर "जवळचं कोणतंही". मला राग येतो तो इथं. पोराचा नाही येत. त्याला एवढंच लिहायला शिकवणाऱ्या सगळ्या बंदोबस्ताचा येतो.

हा बंदोबस्त नीट उकलून पाहू.

अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेजांत एक पद्धत आहे. बाकीचे अर्ज जानेवारीत, पण तुमचं मन एकाच कॉलेजावर असेल तर नोव्हेंबरातच अर्ज करा. लवकर अर्ज, लवकर उत्तर. बऱ्याच ठिकाणी अट अशी की घेतलं तर यावंच लागेल. ऐकायला किती सोपं! पण ज्याचा बाप फीचा आकडा न विचारता सही करू शकतो त्यालाच असा शब्द देता येतो. गरिबाला, काळ्याला चार कॉलेजांच्या शिष्यवृत्त्या समोर ठेवून बघावं लागतं, कुठं कमी कर्ज होतं ते. तो नोव्हेंबरात शब्द देऊ शकत नाही, म्हणून तो मागं राहतो. 2006 मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टननं ही लवकर अर्जाची पद्धत बंद करायचं जाहीर केलं, कारण तिचा फायदा सधन घरांना होतो हे त्यांना कबूल करावं लागलं. आणि 2011 मध्ये? दोघांनीही ती पुन्हा सुरू करायचं जाहीर केलं, शब्दाची सक्ती न ठेवता. बाकीची कॉलेजं थांबली नव्हती, पोरं तिकडं जात होती. स्पर्धेपुढं सद्सद्विवेक पाच वर्षं टिकला.

आता आपल्याकडं बघा. नाव वेगळं, डाव तोच. आमच्या पोरानं पहिल्या रकान्यात पुणे लिहायचं की नाही हे कशावर ठरतं? खाट मिळेल का, यावर. समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज कधी? कॉलेजात प्रवेश झाल्यावर. यादी कधी? त्याहून नंतर. वसतिगृहात नंबर नाही लागला तर स्वाधार योजना आहे, मोठ्या शहरांत वर्षाला 60 हजारांपर्यंत मिळतात. कधी मिळतात? खोलीमालक दर महिन्याच्या पाच तारखेला दारात असतो, स्वाधारचा हप्ता त्याच्या तारखा पाळत नाही. आणि शिष्यवृत्ती? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, तोही प्रवेशानंतर. 2020-21 पासून तिचे 60 टक्के केंद्राचे, 40 टक्के राज्याचे. केंद्राचा वाटा थेट पोराच्या खात्यात येतो, मग पोरानं तो कॉलेजात भरायचा. येईपर्यंत कॉलेजचा बाबू विचारत राहतो, "भरतोस कधी?"

म्हणजे सरकार आमच्या पोराला म्हणतं: आधी शब्द दे. झोपशील कुठं, खाशील काय, फी कोण भरेल, ते मग सांगतो. बिनपैशाच्या घरातलं शहाणं पोरगं अशा वेळी काय लिहील? जवळचं. त्यात त्याची चूक काय? त्यानं हिशेब बरोबर केला, फक्त हिशेबाचे अर्धे आकडे सरकारनं मुठीत दाबून ठेवले होते. उद्योगपतीला जमीन देताना सरकार आधी पाणी, वीज, रस्ता लिहून देतं. आमच्या लेकराला एक खाट लिहून देता येत नाही?

हा डाव जुना आहे, बाबासाहेबांनाही तो चुकला नाही. 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले, 1916 मध्ये लंडनला. अभ्यास मध्यावर असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये त्यांना परतावं लागलं. पण येताना ते लंडनच्या विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी घेऊन आले. मग बडोद्यातला अपमान, मुंबईत सिडनहॅममधली प्राध्यापकी, पैपै साठवणं. शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेनांचं कर्ज. 1920 मध्ये ते परत लंडनला गेले आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. पैसा संपला म्हणून त्यांनी पहिली पसंती खोडली नाही. दार उघडं ठेवायचा कागद आधी घेतला, मग पैशाच्या मागं लागले. आमच्या भिंतीवर त्यांचा फोटो असतो. त्या फोटोतल्या माणसानं कागद कसा सांभाळला हे कधी पोरांना सांगितलं का?

आता कागदांचं बोलू.

"लवकर अर्ज करा" असं सगळे सांगतात. लवकर कोण करू शकतो? ज्याचे कागद आधीच तयार आहेत तो. आमच्या कागदांची कहाणी ऐका. जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्याचा. अनुसूचित जातीला त्यासाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा महाराष्ट्रातला रहिवास दाखवायचा. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात! मग आज्याचा शाळेतला निर्गम उतारा आणा. ज्या शाळेनं आज्याला आत घेतलं नाही, त्याच शाळेच्या रजिस्टरात त्याचं नाव शोधायला नातवाला पाठवतात. नाही सापडलं तर जुनी महसुली नोंद शोधा, ती असेल निजामाच्या उर्दूत, वाचणारा शोधा. आमच्यातले बौद्ध तर आणखी अडकतात. 1956 ला जी जात टाकून दिली ती दाखल्यासाठी पुन्हा लिहून द्यावी लागते, धर्मांतरापूर्वीची जात म्हणून. केंद्रात बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळायला 1990 उजाडलं. आणि दाखल्यानं भागत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमाला वैधता पाहिजे. जिल्हा पडताळणी समिती, शपथपत्रं, कॉलेजचं पत्र, त्रुटीचा मेसेज, पुन्हा चक्कर. अर्धापूर ते नांदेड वीसेक किलोमीटर, पण बापाची एक हजेरी बुडते. तीन चकरा म्हणजे तीन हजेऱ्या. सवर्ण पोराला जात सिद्ध करावी लागत नाही. ती त्याच्या चालण्यातच मान्य असते.

आणि हे सगळं तारखेच्या आत! तारीख ही आजची वेस आहे. पूर्वी वेशीवर माणूस उभा असायचा, आता घड्याळ उभं आहे. 2024 मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका दलित मजुराच्या पोराला आयआयटी धनबादमध्ये जागा मिळाली. 17,500 रुपये 24 जूनच्या संध्याकाळी पाचपर्यंत भरायचे होते. गावातून पैसे गोळा होईस्तोवर घड्याळात पाच वाजले आणि पोर्टल बंद! पोरगं आयोगाकडं गेलं, एका उच्च न्यायालयात गेलं, दुसऱ्या उच्च न्यायालयात गेलं. शेवटी 30 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं जागा द्यायला लावली. त्याआधी 2021 मध्ये आयआयटी मुंबईच्या जागेचंही असंच झालं. फी भरताना कार्ड चाललं नाही आणि दलित पोराची जागा गेली. त्यालाही 22 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानंच आत घेतलं. दोन्ही वेळा वर्तमानपत्रांनी न्यायाची वाहवा केली. मी विचारतो, प्रत्येक मजुराच्या पोरानं फीच्या पावतीसाठी दिल्लीला जायचं का? या दोघांची नावं छापून आली. ज्यांची जागा पाच वाजून दहा मिनिटांनी गेली आणि जे मुकाट घरी परतले, त्यांची यादी कोणत्या न्यायालयात आहे?

आमच्याच लोकांतल्या दोन आवाजांशीही भांडायचंय.

पहिला आवाज घरचा. "जवळचं बरं, लेकरू डोळ्यापुढं राहील." माय हे प्रेमानं म्हणते आणि भीतीनंही. हैदराबादेत 2016 मध्ये रोहित वेमुला गेला. मुंबईत 2019 मध्ये डॉ. पायल तडवी गेली, तिच्या आईनं जातीवरून छळ झाल्याची फिर्याद दिली. मायला हे टीव्हीवर दिसतं. तिची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण त्याच दोन माता 2019 मध्ये एकत्र सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि म्हणाल्या, कॉलेजांत जातीचा छळ थांबवायची यंत्रणा राबवा. लेकरांना कॉलेजातून काढून आणा, असं त्या म्हणाल्या नाहीत. आपण लेकराला एकटं धाडतो म्हणून भीती मोठी होते. ज्या शहरात पोरगं जाईल त्या शहरात आपली पोरं आहेत. स्टेशनवर त्याला घ्यायला कोण जाणार हे रकाना भरायच्या आधी ठरलं पाहिजे.

आणि पोरींचं काय? पोरीचा पहिला रकाना तर भाऊच भरतो. "नांदेडच्या पुढं नाही." सावित्रीबाईंच्या जयंतीला हाच भाऊ भाषण ठोकतो! हिला पंच्याण्णव टक्के आणि त्याला सत्तर, तरी पुण्याला तो जाणार आणि ही शिवाजीनगरच्या स्टॉपवरून ये-जा करणार. ब्राह्मण्य फक्त ब्राह्मणाच्या घरात राहतं असं समजू नका.

आणखी एक. घरच्यांच्या डोक्यातला नकाशा जुना आहे. वैद्यकीय प्रवेशात पूर्वी 70:30 चं सूत्र होतं. 70 टक्के जागा त्या त्या विभागातल्या पोरांना, 30 टक्के राज्यभराला. मुंबईच्या ग्रँट नाहीतर केईएमच्या कॉलेजात मराठवाड्याच्या पोराला त्या 30 मध्येच झुंजावं लागायचं. सप्टेंबर 2020 मध्ये ते सूत्र रद्द झालं. दार उघडून वर्षं लोटली, तरी आमच्याकडं अजून "मुंबई आपल्याला कुठली" चालू आहे. लातूर-नांदेडच्या पॅटर्नमध्ये रात्रंदिवस घासायचं, गुण मिळवायचे, आणि रकाना भरायच्या दिवशी पुन्हा हात आखडायचा! क्लासवाले त्याच पोराचा फोटो चौकात फ्लेक्सवर लावतात. फ्लेक्सवर जागा मिळते, ग्रँटमध्ये मिळाली असती ती आपण मागितलीच नाही.

दुसरा आवाज चळवळीतला. "फॉर्म भरणं हे कारकुनाचं काम, आपण क्रांतीवाले." वा रे क्रांतीवाले! जयंतीच्या डीजेला वर्गणी जमते, पडताळणीच्या चकरेला एक मोटारसायकल निघत नाही. कोणी असंही म्हणेल, चांगल्या कॉलेजची ही हाव पांढरपेशी आहे, सगळ्यांना चांगली कॉलेजं मागा. मागू की! जागा थोड्या आहेत हे मला कळतं. 1983 पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित कॉलेजांचं पीक आलं आणि शिक्षण दुकानात गेलं, हेही कळतं. त्या दुकानातल्या मॅनेजमेंट कोट्याला आमची शिष्यवृत्ती चालत नाही, ती कॅपमधून मिळालेल्या जागेलाच, हे किती पोरांना ठाऊक आहे? लढाई मोठी आहे म्हणून या जूनमध्ये एका पोराचा रकाना चुकू द्यायचा, हे मला मंजूर नाही. ज्याला आज आत जाता येत नाही तो उद्या आतून काय बदलणार?

तर मित्रांनो, कामाचं बोलू.

दहावी-बारावीची पोरं दिवाळीत मोजा. निकालानंतर नको, दिवाळीत. विहारात, समाजमंदिरात एक वही ठेवा: कोणाचा जातीचा दाखला आहे, कोणाचा उत्पन्नाचा नाही, कोणाची वैधता अडली. विज्ञानाच्या पोरांची वैधता अकरावीतच टाका. आधारशी जोडलेलं बँकखातं तपासा, नाहीतर पैसा सुटतो आणि खात्यात येत नाही. तारखा भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. अर्ज भरायच्या आदल्या रविवारी पोराला कोऱ्या कागदावर दहा नावं लिहायला सांगा, बाप, भाऊ, मास्तर, कोणी शेजारी नको. आधी मनासारखी नावं लिही म्हणावं, मग खर्चाचं बघू. नंतर तो कागद घेऊन घरच्यांपुढं आपण बसायचं. सेंटरवर पोरासोबत एक जण जायचा आणि लॉक करायच्या आधी यादी मोठ्यानं वाचायची. पासवर्ड पोराच्या वहीत, सेंटरवाल्याच्या नाही. आणि प्रवेशाच्या आठवड्यासाठी गावात थोडा फंड आधीच जमलेला हवा. संध्याकाळी पाचच्या आत लागतो तो पैसा, सहाला आलेल्या पैशाचं काय होतं ते वर सांगितलंय.

सरकारकडं मागायचं ते अर्ज-विनंत्या करून नाही, समाजकल्याणच्या दारात बसून. एक: कॉलेजची जागा आणि वसतिगृहाची खाट एकाच यादीत लागली पाहिजे. खाट नसेल तर स्वाधारचा पहिला हप्ता प्रवेशाच्या महिन्यात. दोन: शिष्यवृत्तीच्या पोराकडं प्रवेशाच्या वेळी फी मागणाऱ्या कॉलेजावर कारवाई. तीन: वैधतेचं काम शाळेतच, दहावीच्या वर्षात, समितीनं तालुक्याला येऊन. अर्धापूरच्या पोरानं नांदेडच्या चकरा मारण्याऐवजी समितीनं एकदा अर्धापूरला यावं, रस्ता चांगला आहे. चार: फी उशिरा आली म्हणून कोणाचीही जागा जाणार नाही.

एवढं होईस्तोवर पोरांना थांबा म्हणायचं नाही. या जूनमध्ये जो पोरगा, जी पोरगी बाकड्यावर बसेल, तिला सेंटरवाला विचारेल, "जवळचं टाकू का?" तेव्हा शेजारी आपलं माणूस बसलेलं पाहिजे, आणि पोरीनं त्याच्याकडं न बघता सेंटरवाल्याला सांगितलं पाहिजे, "थांबा. मी सांगते ते टाका."